आठवणाऱ्याला पुढं ठेवत नाहीत

नवतप्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सर्वांत तापट नऊ दिवसांत, नागपूरला जाऊ नये, असं मला सगळ्यांनी सांगितलं. पण ते नागपूरला पोचल्यावर. ऊन आमच्या नगरलाही असतं आणि आम्ही त्याबद्दल रीतसर कुरकुर करतो. पण नगरच्या उन्हात माणूस चालतो, भांडतो, भाजी घेतो. इथं सकाळ सरली की गाव जे दारं लावून घेतं, ते दिवेलागणीलाच उघडतं. धरमपेठेत सायकलरिक्षातून उतरलो तेव्हा भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानं बंद, झाडं गप्प, आणि प्रत्येक खिडकीतून कूलरची तेवढी घरघर. भर उन्हात मला मध्यरात्रीसारखी भीती वाटली आणि हातातला थर्मास मी उगाचच घट्ट धरला.

मनमाडपासूनचा प्रवास सांगत नाही. ज्यांनी केला त्यांना माहीत आहे, ज्यांनी केला नाही त्यांनी सुखात राहावं.

मी एस.टी.तून निवृत्त झालेला माणूस. चौकशीच्या खिडकीत बसून उभा जन्म लोकांना कोणती गाडी कुठं लागते ते सांगितलं. त्यामुळे कुणी कुठं, कधी आणि कसं जावं हे मला त्या माणसापेक्षा जास्त कळतं, अशी माझी पक्की समजूत. आमच्या तीन पिढ्या ख्रिस्ती. रविवारची उपासना मी चुकवत नाही. पण माझी प्रार्थना म्हणजे अर्ज असतो, असं माझी बायको म्हणायची: काय पाहिजे, कधीपर्यंत पाहिजे आणि कोणत्या मार्गानं पाठवावं, सगळं त्यात असतं. ती गेली, अर्ज चालू आहेत.

या खेपेचा अर्ज अक्कासाठी होता. अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान सुवार्तेच्या कामासाठी विदर्भात आले, गावोगाव राहिले आणि शेवटी रामटेकच्या पलीकडं एका धरणाच्या काठी त्यांची माती झाली. अक्का तिथंच राहिली. मूलबाळ नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला कायमचं नगरला न्यायचं, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आणि दोघं म्हाताऱ्यांनी एका घरात राहायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. परतीची दोन तिकिटं काढूनच आलो होतो.

मला बोलावून घेतलं होतं वसंतानं. वसंता म्हणजे अक्काचा पुतण्या, तिच्या दिराचा मुलगा. त्यानं दारातच माझे खिसे चाचपले.

"कांदा कुठी आहे, मामा?"

"कसला कांदा?"

"बाप्पा! बिना कांद्याचे आले का नवतप्यात?" त्यानं आतून एक कांदा आणून माझ्या खिशात कोंबला आणि डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, अशी इथली श्रद्धा. मी हसलो, पण कांदा काढून ठेवला नाही.

जेवायला गोळाभात होता. बेसनाचे तिखट गोळे भातात शिजवतात आणि वरून कढत फोडणी ओततात. सूनबाईनं विचारलं, "मामाजी, वरून सांबार टाकू का?" मी मोठ्या आशेनं ताट पुढं केलं, तर तिनं चिमूटभर कोथिंबीर पेरली. इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पन्ह्याचे दोन पेले रिचवल्यावर थांबलं.

मग वसंता मुद्द्यावर आला. "काकू ऐकूनच नाही राहिल्या, मामा. दोनदा डॉक्टरले तारीख मागितली. दरवेळेस म्हणतात, नवतपा होऊ दे."

"का बरं?"

"नवतप्यात गिरजाघर वर येते म्हणे."

"वर येतं म्हणजे?"

"पाण्यातून." वसंतानं बायकोकडं पाहिलं. "मी एकदा गेलो होतो त्यायच्यासंगं. पुन्हा नाही जाणार. तुमीच पाहा अन् तुमीच समजवा."

त्यानं काय पाहिलं ते मी खोदून विचारलं. तो पान लावायला उठला आणि परत आलाच नाही.

रामटेकच्या पुढे

रामटेकपर्यंत गाडी वेळेवर होती, हे आमच्या खात्याच्या अभिमानासाठी नोंदवतो. टेकडीवरचं रामाचं देऊळ लांबूनच दिसतं. त्याच्या पायथ्यापासून पुढं धानाच्या रिकाम्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, लागतात, पार क्षितिजापर्यंत भेगाळलेल्या. आमच्याकडं ज्वारीची रानं उन्हाळ्यात काळी दिसतात. इथली जमीन पांढरट, जुन्या भांड्यासारखी.

धरणाच्या काठावर वसाहत आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा माणसांना इथं आणून वसवलं. सरळ रेषेत घरं, दोन रांगा आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, पलीकडं बौद्ध कुटुंबं, मग कुणबी. अक्का दारात उभी होती. मी अजून हाकही मारली नव्हती.

"आलास, मनू? चाल नगरची वाटली."

ती फार वाळली होती. डोळ्यांवर दुधाची साय आल्यासारखी दिसत होती. मी पाया पडायला वाकलो, तर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "म्हातारा झालास रे." मला तिथंच रडू आलं. शेजारच्या कांताबाई अक्काचा माठ भरत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "जय भीम, भाऊ. बाईनं सकाळपासून दाराकडंच कान लावला होता."

दुपारी भात आणि तळ्यातल्या झिंग्यांचं कालवण झालं. भाकरी मिळेल का विचारलं, तर अक्का म्हणाली, "धानाच्या मुलखात येऊन भाकर मागतो का?" आवाज तिचा होता, बोली इकडची झाली होती. हात धुतल्याबरोबर मी माझी योजना मांडली. ऑपरेशन, खोली, नगरची मंडळी, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"उद्या गिरजात जाऊ. विचारून सांगते."

"कुणाला विचारून?"

"ज्याले विचारायचं त्याले."

"अक्का, तिकिटं काढली आहेत मी."

"काढताना विचारलं होतं का त्याले?"

 खरं सांगायचं तर राग आला होता. आंधळ्या होत चाललेल्या बाईनं एकटं राहू नये, यात देवाला विचारण्यासारखं काय आहे, असं माझं म्हणणं. देवानं अक्कल दिली आहे ती कशाला?

संध्याकाळी लहानू मला काठावर घेऊन गेला. लहानू म्हणजे मंडळीतला वडील माणूस, पाळक नसला की उपासना तोच चालवतो. पाणी पार मागं हटलं होतं. मधे मैलभर पांढरा चिखल वाळून पडलेला आणि त्याच्या मध्यावर एक काळा ठोकळा.

"ते गिरजाघर," लहानू म्हणाला. "त्याच्या बाजूले आमचं कबरस्तान. सालातून एकदा मोकळं होते, तवा आमी जातो. मायबाप तिथंच हायेत आमचे."

"चालून जाता येतं?"

"गल्ल्यायनं येते. गल्लीत मुरूम हाय, दगड हाय, खाली ते पक्कं राह्यते. पन घराघरात विहिरी होत्या, धान ठेवायचे पेव होते. त्यात गाळ बसला. वरून कवच वाळते, खाली पातळच. पाय पडला का गेला."

"मग बांबू रोवा ना खुणेला."

"रोवले होते. पानी चढलं का सरकतात. सरकलेला बांबू विहिरीहून वाईट."

"आणि पुढं कोण चालतं?"

"बाई."

"कोणती बाई?"

"तुमची बहीण, भाऊ."

मी म्हटलं, तिला दिसत नाही. लहानू म्हणाला, "हो." आणि तळ्याकडं पाठ करून बसला. मी मनाशी हिशेब जुळवला: अक्का इथं इतकी वर्षं राहिली, गल्ल्या तिच्या पायांत बसल्या असतील. म्हाताऱ्या बैलाला घरची वाट सापडते तशी. एवढं पटल्यावर मला बरं वाटलं.

तळ्याचा तळ

सकाळी काठावर मंडळी जमली. सूर्य नुकता वर आला होता, तरी दगड तापायला लागले होते. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मग माझ्या देखत जुन्या गावच्या माणसांनी तोंडं झाकायला सुरुवात केली. पुरुषांनी दुपट्टे डोळ्यांवरून घेऊन मागं गाठी मारल्या. बायकांनी पदर हनुवटीपर्यंत ओढले. बघता बघता सगळी रांग बिनचेहऱ्याची झाली. मला वाटलं, उन्हासाठी असेल. पण उन्हासाठी कोणी डोळे बांधत नाही.

प्रत्येकानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. अक्का सर्वांत पुढं. तिनं काठी मुद्दाम काठावर ठेवली. तिच्या मागं मी, माझ्या मागं लहानू.

"मनू, माझ्या टाचांकडं पाहा. दुसरीकडं पाहू नको," ती म्हणाली आणि चालू लागली.

काही वेळ मी पाहिलं. भेगाळलेल्या टाचा, जुन्या चपला. त्या सरळ जात होत्या, मग एकाएकी काटकोनात वळल्या. मागची रांगही वळली. पुढं काहीच नव्हतं, पांढरं सपाट मैदान, आणि आम्ही त्यावर कोपरे वळत होतो. कुठं अक्का थांबायची, मान किंचित कलती करायची आणि उभी राहायची. सगळे उभे. वाळलेलं कवच उन्हानं टिक टिक वाजायचं, दुसरा आवाज नाही. मग ती पाय उचलायची.

वाटेत माझ्या मागून कोणीतरी बाई हुंदका देऊन म्हणाली, "आलं." तिला विचारावं म्हणून मी वळलो, तर तिनं पदर आणखी खाली ओढला होता आणि तोंड एका बाजूनं फिरवलं होतं. त्या बाजूला काही नव्हतं. पण मला धुराचा वास आला, गोवऱ्या पेटल्याचा, आणि त्यात काहीतरी भाजल्याचा. मैलभर काडीही जळत नव्हती.

पुढच्या एका ठिकाणी अक्का थांबली ती हलेचना. या वेळी ती नुसती उभी नव्हती, कापत होती. मी हाक मारली. ऊन डोक्यावर चढत होतं. गिरजाघराच्या भिंती समोर, हाकेच्या अंतरावर, आणि मधे लख्ख, कडक, कोरडी जमीन. रांगेचं तोंड मात्र भलतीकडंच. माझ्यातला चौकशीवाला जागा झाला. म्हटलं, हिला आठवत नाही आता, आपण दाखवू. मी तिच्या खांद्यावरचा हात काढला आणि सरळ एक पाऊल टाकलं.

जमीन सैल खाटेसारखी दबली. मग पाय गुडघ्याच्या वरपर्यंत आत गेला. वर नवतप्याचं ऊन आणि खाली हाडं गोठवणारा गारवा. पाय कशालाच टेकेना. खाली नुसतं मऊ, रिकामं, आणि ते हळूच चपलेला धरून ओढत होतं, असं मला वाटलं. लहानूनं डोळ्यांवरचा दुपट्टा न सोडता माझ्या सदऱ्याची मागची बाजू पकडली आणि मला खेचून घेतलं. चप्पल तिथंच राहिली. ज्या भोकातून पाय काढला ते आमच्या डोळ्यांदेखत, म्हणजे एकट्या माझ्याच डोळ्यांदेखत, मिटून गेलं.

अक्का म्हणाली, "पाहा म्हटलं होतं ना टाचांकडं." आवाज घोगरा झाला होता. मग ती चालू लागली. दुसरी चप्पल मीच फेकून दिली आणि अनवाणी तिच्या मागं गेलो.

गिरजाघराला छप्पर नाही. भिंती कमरेइतक्या, खिडकीच्या गजाला मासे धरायचं जाळं अडकलेलं, फरशीवर शिंपले. तिथं पोचल्यावर सगळ्यांनी तोंडं मोकळी केली आणि एकमेकांना "सलाम, सलाम" केलं, जणू आत्ताच भेटत होते. गाणं झालं. लहानूनं वचन वाचलं. मग बाजूच्या कबरस्तानाकडं तोंड करून ज्यानं त्यानं आपल्या मेलेल्यांची नावं घेतली. भाषण नाही, काही नाही. नगरला आम्ही तासभर उपदेश केल्याशिवाय कोणाला घरी सोडत नाही. इथं नावं संपली तशी उपासना संपली.

अक्का फरशीवर गुडघे टेकून राहिली. मी भिंतीच्या तोकड्या सावलीत लहानूजवळ बसलो आणि विचारलं, "डोळे का बांधता तुम्ही?"

"घर दिसू नये म्हणून."

"कोणतं घर? काही नाहीच तिथं."

"तुमाले नाही दिसत." तो शांतपणे सांगू लागला. "पहिल्या साली पानी उतरलं त् आमी धावत आलो, भाऊ. ज्याले गाव माहीत तो पुढं, असं ठरवलं. सीधी गोष्ट हाय. माह्या मोठ्या भावापरीस कोणाले माहीत? गावचा कोतवाल होता तो, अंधारात चालाचा. तो पुढं झाला. अर्ध्या वाटेवर थांबला अन् म्हणे, चूल पेटली हाय, माय बलावून राहिली. माय मरून किती सालं झाली होती! आमी आवाज देऊन राहिलो, तो वळला अन् गेला आपल्या आंगनात. आंगनात विहीर होती. त्याले माहीत नव्हती का? त्यानंच खोदली होती."

"मग?"

"मंग काही नाही. दोर आणेपर्यंत वरून जुळून गेलं." त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तेव्हापासून आठवणाऱ्याले पुढं ठेवत नाही आमी. ज्याले माहीत आहे त्याले ते ओढते. पोरंही नाही चालत, ऐकून ऐकून त्यायलेही आठवते. बाईचं बरं हाय. त्या आल्या तवा पानी भरलं होतं. त्यायनं हे गाव पाह्यलंच नाही."

 खरंच होतं ते. अक्काच्या यजमानांची या काठावर बदली झाली तेव्हा वसाहतीत नुसत्या पत्र्याच्या खोल्या होत्या, हे अक्कानंच मला कधी तरी सांगितलं होतं. काल जो हिशेब मी जुळवला होता तो मुळातच चुकला होता. त्या बाईच्या पायांत एकही गल्ली नव्हती.

"मग तिला वाट कोण सांगतं?"

लहानूनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढं विचारलं नाही.

बसल्या बसल्या मी निर्णय घेतला. अक्काला न्यायचं नाही. हिचं ठिकाण इथं आहे, एक तिकीट परत करू. मनातून मोठं हलकं वाटलं आणि देवाची इच्छा एवढ्या लवकर कळल्याबद्दल थोडा अभिमानही वाटला. तेवढ्यात ती उठून भिंतीला धरत माझ्याकडं आली.

"मनू, मी येते तुझ्यासंगं."

"नाही अक्का. मी तुला नेत नाही. ही माणसं तुझ्या भरवशावर आहेत. मला कळलं आता सगळं."

"तुले लवकरच कळते रे. लहानपणापासून." ती माझ्याजवळ बसली. "मघा मी थांबली होती न, मोठा वेळ? तिथं मी विचारलंच नाही. पाय आपोआप वळून राहिला होता. मले गल्ली दिसली, मनू. चिंच दिसली, तिच्याखालचा पार दिसला. ह्या डोळ्यानं माझा हात मले दिसत नाही, अन् पार दिसला. दारात एक बाई उभी होती. ये म्हणे, चहा टाकला आहे."

मी तिचा हात धरला. तो थंड होता.

"जे गाव मी कधी पाहिलं नाही ते मले आठवायला लागलं आहे. किती प्रेम केलं असंल मी ह्या लोकांवर! आता मी पुढं चालली की सगळ्यायले घेऊन जाईन एक दिवस त्या दारात. म्हणून आज विचारलं. तर एवढंच आलं: पुरे. भावासंगं जा."

"तुला जायचंय का?"

"नाही." आणि ती लहान पोरीसारखी रडायला लागली. "मले बिलकुल नाही जायचं."

 काल मी तिला न्यायला भांडत होतो, आज ठेवायला. दोन्ही वेळा मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

पश्चिमेकडं आभाळ पिवळं झालं. धुळीचं वादळ येतंय, आता निघायला हवं, असं लोक म्हणू लागले. सगळे उठले आणि उभे राहिले. कडक कवचावर आल्याच्या पावलांचा ठसा नव्हता. अक्कानं डोळे पुसले.

"मनू पुढं चालेल."

"मी? अक्का, मला काय माहीत?"

"म्हणूनच."

मी लहानूकडं पाहिलं. मघाशी यानंच मला चिखलातून ओढलं होतं. मला वाटलं, हा तरी विरोध करील. त्यानं निमूटपणे दुपट्टा डोळ्यांवर बांधला आणि अक्काच्या मागं जाऊन उभा राहिला. मग एकेक करून सगळ्यांनी तोंडं झाकली. अक्कानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पदर पुढं ओढला. आज पहिल्यांदाच.

गिरजाघराच्या दारातून मी बाहेर पाय टाकला. प्रार्थना करायला गेलो, तर नेहमीचा मजकूर तोंडात आला: सुखरूप पोचव, वादळाच्या आधी पोचव, सरळ वाटेनं पोचव. तो मी गिळला. म्हटलं, प्रभू, मला ठाऊक नाही. एवढंच. आयुष्यात इतकी छोटी प्रार्थना मी केली नव्हती.

आवाज आला नाही. प्रकाशही दिसला नाही. असं काही घडलं असतं तर मी ते सगळ्यांत आधी सांगितलं असतं. फक्त एखाद्या बाजूला वळलो की पोटात कालवाकालव व्हायची आणि दुसऱ्या बाजूला ती निवायची. त्यावर मी पाऊल टाकायचो, पाऊल टिकायचं आणि पुन्हा काही माहीत नसायचं. मध्येच डावीकडून वास आला. शेंगदाणे भाजल्याचा, माझ्या आईच्या खापरावर. आमच्या नगरच्या घरातला, इथला नव्हे. मागोमाग तिचं खोकणं ऐकू आलं. मी जागीच थांबलो.

अक्कानं हळूच विचारलं, "तुलेही?"

"हो. आई आहे."

"आई नाही ती. आई वर आहे. चाल."

डावीकडं जमीन शुभ्र, कडक, दगडासारखी होती. उजवीकडं एक काळपट ओलसर डाग होता, गोल, विहिरीच्या तोंडाएवढा. शेंबडं पोरही डावीकडं गेलं असतं. आणि माझ्या पोटातली ती निवलेली जागा उजवीकडं होती. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मी तोंडानं म्हटलं, "मागं एवढी माणसं आहेत."  वादळाचा पहिला झोत तोंडावर आला. अक्काचा हात खांद्यावर तसाच होता, ढकलत नव्हता, ओढत नव्हता. मी रडत होतो, हे सांगायला आता लाज वाटत नाही. अनवाणी पाय एका उंच दगडाला लागला, मधे खाच असलेल्या. तो ओलांडून मी त्या काळ्या डागावर पाऊल टाकलं.

तळवा बर्फासारखा गार पडला. जमीन किंचित लवली आणि थांबली. मी दुसरं पाऊल टाकलं. मागं अक्का आली, लहानू आला, पूर्ण रांग त्यावरून एकेक करून आली. पुढचं सारं धुळीत गेलं. पायाखाली काठाचे गोटे लागले आणि समोर कांताबाई माठ घेऊन उभ्या दिसल्या, तेव्हा आम्ही पोचलो हे मला कळलं.

लोक दुपट्टे सोडून पाणी प्यायला लागले. लहानूनं मात्र बराच वेळ डोळ्यांवरची पट्टी काढली नाही. मग काढली आणि माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"भाऊ, जाताना गेलो तिथून नाही आणलं तुमी आमाले."

"मग कुठून आणलं?"

"तो खाचेचा दगड पायाले लागला न तुमच्या? तो आमच्या घराचा उंबरठा. खाच माह्या बानं पाडली होती, खाटेचा पाय अडकवाले. तिथून पुढं आंगन. आंगनात ते." त्याला 'विहीर' हा शब्द उच्चारता येईना. "त्याच्या बरोबर वरून आलो आपण सगळे."

 ज्या विहिरीनं याच्या भावाला गिळलं, तिच्यावरून मी त्याला चालवत आणलं होतं. आणि त्याला ते कळलं होतं, पायाला दगड लागला त्याच क्षणी.

"अहो, मग ओरडला का नाहीत? मला थांबवायचं होतं!"

लहानूनं माठातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं.

"मी पुढं कुठी होतो, भाऊ?" तो म्हणाला.

अक्का आमच्या शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही. ती कांताबाईंना सांगत होती, कोंबड्या आता तूच ठेव वं, त्यातली लाल सध्या खुडूक आहे, अंड्यांवरून तिले उठवू नको.